शरीराचे अस्तर



कोटाला आतून अस्तर असते, तसे आपल्या शरीरालाही असते. शास्त्रात त्याला अभिस्तर ऊतक म्हणतात. त्याच्या पेशी फरश्यांप्रमाणे एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात. त्यात रक्तवाहिन्या नसतात. पोषण खालच्या थरातून झिरपत येते.

जशी जागा, तशी रचना. फुप्फुसातील वायुकोशांत पेशींचा एकच पातळ थर असतो, म्हणून प्राणवायू सहज रक्तात जातो. आतड्यातील उंच पेशी अन्नरस शोषतात आणि 3 ते 5 दिवसांत त्यांच्या जागी नव्या येतात. श्वासनलिकेतील पेशींवरचे केसांसारखे सूक्ष्म तंतू धूळ व कफ घशाकडे लोटतात. त्वचा व तोंड यांना घर्षण फार, म्हणून तेथे थरावर थर.

परंतु सततच्या माऱ्यापुढे हे अस्तरही हरते. विडीच्या धुराने ते तंतू निकामी होतात. तंबाखू व मिश्रीने तोंडातील पेशी बिघडतात. मोठ्या माणसांचे बहुतेक कर्करोग याच ऊतकात उद्भवतात. तोंडात पांढरा चट्टा दिसला, किंवा दोन आठवड्यांत जखम भरली नाही, तर डॉक्टरांना दाखवावे. घरी गेल्यावर वडीलधाऱ्यांनाही हे आदराने सांगा.