स्वाइन फ्लू : पहिले अठ्ठेचाळीस तास

दवाखान्याच्या दारावर ‘डॉक्टर बाहेरगावी’ अशी पाटी लावून आलेल्या सर्व फॅमिली डॉक्टरांनो,

संमेलनाध्यक्षाने आरंभी स्वतःच्या अपात्रतेबद्दल चार वाक्ये बोलावीत, अशी प्रथा आहे. ती चार वाक्ये वाचवून तो वेळ एका जुन्या, ओळखीच्या आणि म्हणूनच दुर्लक्षित आजाराला द्यावा, असे प्रस्तुत वक्त्याने ठरवले आहे.

3 ऑगस्ट 2009 रोजी पुण्यात चौदा वर्षांच्या एका शाळकरी मुलीचा स्वाइन फ्लूने मृत्यू झाला. देशातला या साथीचा हा पहिला बळी. गणपती वीस दिवसांवर आले होते. बघता बघता शाळा, चित्रपटगृहे, मॉल बंद झाले. डॉ. नायडू सांसर्गिक रोग रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी रांगा लागल्या. मास्कचा काळाबाजार झाला आणि ज्यांना तो मिळाला नाही त्यांनी रुमालावर निलगिरीचे थेंब टाकले, कापूर-वेलचीची पुरचुंडी खिशात बाळगली. पुण्यातल्या स्कूटरवाल्या मुलींना तोंडाला ओढणी गुंडाळण्याची सवय आधीपासूनच होती. त्या महिन्यात सारे शहर त्यांच्या वळणावर गेले.

त्या वर्षी देशात प्रयोगशाळेत निदान झालेले रुग्ण होते 27,236 आणि मृत्यू 981. पुढच्या वर्षी, 2010 मध्ये, रुग्ण कमी झाले, 20,604. पण मृत्यू जवळजवळ दुप्पट, 1,763. तोवर मॉल उघडले होते, ओढण्या पुन्हा फक्त धुळीसाठी उरल्या होत्या आणि बातमी पहिल्या पानावरून आतल्या पानावर गेली होती. 10 ऑगस्ट 2010 रोजी जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ संपल्याचे जाहीर केले. विषाणूने तो जाहीरनामा वाचला नाही. 2015 मध्ये देशात 42,592 रुग्ण सापडले आणि 2,990 माणसे गेली. पहिल्या वर्षाच्या तिप्पट मृत्यू, पण शाळा बंद करण्याची भाषा कुणी फारशी केली नाही. 2017 मध्ये पुन्हा 2,270 मृत्यू. हे आकडे फक्त तपासणी झालेल्यांचे आहेत. सुरुवातीला साधा शिंकणाराही तपासला जाई. नंतर बहुधा गंभीर रुग्णच तपासले जात. त्यामुळे आकड्यांवरून मृत्यूचे प्रमाण काढू नये. घबराट आणि आजार यांची वेळ मात्र कधी जुळली नाही, एवढे या आकड्यांतून स्पष्ट दिसते.

आता थोडे या विषाणूच्या कुळाबद्दल. फ्लूच्या विषाणूची जनुके आठ वेगवेगळ्या तुकड्यांत असतात. दोन जातींचे विषाणू एकाच पेशीत शिरले की पत्ते पिसावेत तसे हे तुकडे मिसळतात आणि एखादा नवाच डाव तयार होतो. डुकराच्या श्वासमार्गात पक्ष्यांच्या फ्लूलाही जागा मिळते आणि माणसाच्या फ्लूलाही, म्हणून ही मिसळ तिथे सहज होते. 2009 च्या विषाणूत दोन तुकडे मूळ पक्ष्यांकडचे, एक माणसाकडचा, तीन अमेरिकेतल्या जुन्या वराहफ्लूचे आणि दोन युरोप-आशियातल्या डुकरांकडचे होते. पुढे जनुकांच्या अभ्यासातून त्याचा माग मध्य-पश्चिम मेक्सिकोतल्या डुकरांपर्यंत लागला. पण एप्रिल 2009 मध्ये कॅलिफोर्नियातल्या दोन मुलांमध्ये तो प्रथम ओळखला गेला तेव्हाच तो माणसाकडून माणसाकडे जाऊ लागला होता. डुकराचा त्यातला सहभाग तिथेच संपला.

हे न समजल्याने इजिप्तमध्ये काय झाले ते पाहण्यासारखे आहे. देशात एकही रुग्ण नसताना तिथल्या सरकारने एप्रिल 2009 च्या अखेरीस सगळी डुकरे, सुमारे तीन लाख, मारण्याचा हुकूम काढला. कैरोतला ओला कचरा गोळा करून डुकरांना घालणारा झब्बालीन समाज त्याने उघड्यावर पडला, रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग साचले आणि फ्लू आला तो आलाच. आपल्याकडेही तेव्हा डुकरे पकडण्याच्या मागण्या झाल्या. गावात डुकरे मोकाट फिरू नयेत याला इतर पुष्कळ कारणे आहेत; स्वाइन फ्लू हे त्यांतले नाही. नीट शिजवलेल्या डुकराच्या मांसातूनही तो होत नाही, हे गोव्याच्या आणि वसईच्या मंडळींना सांगायला हरकत नाही.

या आजाराची एक खोड अशी की तो तरण्याताठ्यांना गाठतो. 1918 मध्ये मुंबई बंदरातून देशात शिरलेली, आपल्या आजी-पणजीने ‘मानमोडी’ म्हणून सांगितलेली साथ 2009 च्या विषाणूसारखीच एच-1-एन-1 या कुळातली होती. त्या विषाणूचे वंशज 1957 पर्यंत माणसांत फिरत होते. त्यामुळे 1957 पूर्वी जन्मलेल्या अनेकांच्या रक्तात 2009 मध्येही थोडेफार संरक्षण शिल्लक होते, आणि तिशी-चाळिशीतला, घर चालवणारा माणूस उघडा पडला. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या अंदाजानुसार त्या पहिल्या वर्षात जगभर 1,51,700 ते 5,75,400 माणसे गेली आणि त्यांतली 80 टक्के 65 वर्षांच्या आतली होती. गरोदर स्त्रिया, मधुमेही, दमेकरी, हृदयाचे किंवा मूत्रपिंडाचे रुग्ण, स्टेरॉइड घेणारे आणि पाच वर्षांखालची मुले यांना धोका अधिक.

हा माणूस आपल्या दवाखान्यात कसा येतो? बहुतेक वेळा उशिरा. पहिल्या दिवशी ताप, घसा, अंगदुखी. घरातली पॅरासिटॅमॉल. दुसऱ्या दिवशी मेडिकलवाल्याकडून तीन गोळ्यांची पुडी, त्यात एक प्रतिजैविक. ते विषाणूवर चालत नाही हे मेडिकलवाल्यालाही ठाऊक असते. तिसऱ्या दिवशी कामावर हजेरी, कारण सुट्टी उरलेली नाही. पाचव्या दिवशी तो आपल्यासमोर स्टुलावर बसतो आणि म्हणतो, “डॉक्टर, ताप उतरलाय, नुसता थोडा दम लागतोय.” या वाक्यावर स्टेथोस्कोपच्या आधी घड्याळ हातात घ्यावे. गप्पा मारत, त्याला न सांगता, पोटाची हालचाल पाहत पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नये. तीसच्या घरात गेले असतील तर तो दारापर्यंत चालत आला होता, या गोष्टीला काही अर्थ नाही. बोलताना वाक्य मध्येच तुटते का, नखे निळसर दिसतात का, थुंकीत रक्त आहे का, तो गुंगीत आहे का, रक्तदाब उतरला आहे का, हे सगळे दोन मिनिटांत कळते. ताप उतरून बरे वाटायला लागल्यावर पुन्हा बिघडणे ही तर सर्वांत फसवी खूण.

केंद्र सरकारने केलेली अ, ब, क अशी वर्गवारी आपल्याला पाठ असते, पण ती रुग्णाला सांगण्याचा आपण कंटाळा करतो. सौम्य ताप, खोकला, घसा एवढेच असेल तर ‘अ’ : घरी विश्रांती, तपासणी नको, ऑसेल्टामिवीर नको, मात्र 24 ते 48 तासांत पुन्हा पाहायचे. जोराचा ताप आणि घसा फार दुखत असेल तर ‘ब’ : घरीच वेगळे ठेवायचे, गरजेप्रमाणे गोळी द्यायची. वर सांगितलेल्या धोक्याच्या गटातला माणूसही ‘ब’मध्येच येतो, त्याला मात्र गोळी सुरू करायचीच, अहवालासाठी थांबायचे नाही. दम, छातीत दुखणे, गुंगी, निळसरपणा, किंवा मूल दूध-पाणी घेईनासे होणे म्हणजे ‘क’ : त्याच क्षणी रुग्णालय. तपासणी तिथे होईल, उपचार तिच्यासाठी अडणार नाहीत.

सगळी मेख त्या ‘24 ते 48 तासांत’ आहे. ऑसेल्टामिवीर विषाणूला मारत नाही; नव्याने तयार झालेले विषाणू पेशीतून सुटून पुढच्या पेशीत जातात, ती सुटका अडवते. विषाणूची वाढ पहिल्या दोन-तीन दिवसांत भरात असते. म्हणून पहिल्या 48 तासांत दिलेली गोळी सर्वांत कामाची, मोठ्यांना 75 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस. गंभीर रुग्णाला उशीर झाला म्हणून ती नाकारायचीही नाही. 2009 मध्ये ती फक्त सरकारी केंद्रांत मिळे, पुढे मोजक्या परवानाधारक दुकानांत; 2017 मध्ये हे निर्बंध सैल झाले आणि आता डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ती मिळू शकते. म्हणजे उशिराचे जुने कारण संपले. उरले ते दुखणे अंगावर काढण्याचे कारण. (ही गोळी ज्या आम्लापासून बनवतात ते आम्ल चक्रीफुलात मिळते. ही माहिती फिरू लागल्यावर चक्रीफुलाच्या काढ्याचे प्रयोगही झाले. गोळीपर्यंत पोहोचायला त्या आम्लाला कारखान्यात बऱ्याच रासायनिक पायऱ्या चढाव्या लागतात. घरच्या पातेल्यात त्या चढता येत नाहीत. चक्रीफूल मसाल्यातच शोभते.)

बचावाच्या गोष्टी साध्या आहेत आणि साध्या असल्यामुळेच कुणी करत नाही. बसमध्ये माणूस तळहातावर शिंकतो आणि त्याच हाताने दांडी धरतो. स्टील-प्लॅस्टिकसारख्या गुळगुळीत पृष्ठभागावर फ्लूचा विषाणू दिवसभर तरी तग धरू शकतो. पुढच्या थांब्यावर चढलेला प्रवासी तीच दांडी धरतो आणि डोळा चोळतो. शिंक कोपराच्या घडीत घ्यावी, हात साबणाने वीस सेकंद धुवावेत, खोकणाऱ्यापासून हातभर नव्हे तर चांगले तीन-चार फूट लांब राहावे. मास्क लावायचा तो आजाऱ्याने आणि त्याची शुश्रूषा करणाऱ्याने आधी. लक्षणे दिसण्याच्या आदल्या दिवसापासून पुढे सुमारे सात दिवस माणूस संसर्ग देऊ शकतो. 2009 मध्ये विमानतळांवरच्या ताप मोजणाऱ्या यंत्रांसमोरून कितीतरी जण आरामात निघून गेले ते यामुळेच. कापराच्या वासाने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, विषाणू मात्र तिथेच असतो.

लशीबद्दल आपल्या मनातही गोंधळ आहे. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू बदलतो : लशीत बरीच वर्षे असलेला कॅलिफोर्नियाचा वाण जाऊन 2017 च्या सुमारास मिशिगनचा वाण आला. 2010 मध्ये पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटने नाकात फवारायची लस काढली होती. ती जिवंत विषाणूची, म्हणून गरोदर स्त्रीला नको, तिला टोचायची निष्क्रिय लसच. पण खरी चूक वेळेची होते. महाराष्ट्रात फ्लू पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबरमध्ये, चढतो. संरक्षण तयार व्हायला दोन आठवडे लागतात. म्हणून लस एप्रिल-मेमध्ये हवी. आपल्याकडे लोक ती ऑगस्टमध्ये, शेजारच्या इमारतीत कुणी गेल्यावर मागतात.

आणि आपण? दिवसभर साठ-सत्तर खोकणारी माणसे तीन फुटांवर बसवणारा डॉक्टर, केसपेपर काढणारी ताई, इंजेक्शन देणारी नर्स, यांतल्या कितीजणांनी या वर्षी लस घेतली? सभागृहात हात वर करायला सांगण्याचा मोह अध्यक्षाने आवरला आहे.

त्याऐवजी या संमेलनासमोर एक ठराव ठेवला आहे. प्रत्येक सभासदाने मे महिना संपण्यापूर्वी स्वतःचे आणि दवाखान्यातल्या सर्वांचे लसीकरण करावे. आपल्या गरोदर, मधुमेही आणि दमेकरी रुग्णांची यादी काढून त्यांना त्याच महिन्यात बोलवावे. जून ते सप्टेंबर या काळात तापाच्या प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर श्वासाचा आकडा आणि पुन्हा येण्याची तारीख लिहावी. ठरावाला सूचक आणि अनुमोदक मिळाले आहेत. यादी कशी ठेवायची आणि लशीचा खर्च ज्याला झेपत नाही त्याला महापालिकेच्या केंद्रापर्यंत कसे पोहोचवायचे, यावर जेवणानंतरच्या सत्रात चर्चा व्हावी.