ज्येष्ठांचा आहार : सांगितलेले ताटात कसे उतरेल?

(ज्येष्ठ नागरिक मेळाव्यात केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. बँकेतला कारकून आहे. पेन्शनसाठी दर महिन्याला आणि हयातीच्या दाखल्यासाठी नोव्हेंबरात येणारी वृद्ध मंडळी मी वर्षानुवर्षे पाहतो. फलकावर लावलेली सूचना त्यांच्यापर्यंत पोचत नाही. समोर बसवून सावकाश सांगितले आणि "आता तुम्ही मला सांगा, काय करायचे?" असे विचारले, की काम होते. आहाराच्या शिक्षणालाही हाच नियम लागू आहे, असे माझे मत आहे.

आपल्याकडे ज्ञानाची वाण नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी सुधारित आहार-मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिच्या १७ सूत्रांपैकी एक खास वृद्धांसाठी आहे. पण घराघरांत काय दिसते? दात गेलेले, चव मंदावलेली, तहान फारशी जाणवत नाही. मग चहात बुडवलेल्या दोन टोस्टवर दुपार निघते. घरचे म्हणतात, "वय झालं, खाणं कमी होणारच." भूक कमी होते हे खरे, पण शरीराची प्रथिनांची गरज कमी होत नाही. ती भागली नाही की स्नायू झिजतात, तोल जातो आणि एकदा पडल्याने हिंडता-फिरता माणूस अंथरुणाला खिळतो. म्हणून हा प्रश्न साधा नाही.

मग शिकवायचे कसे?

पहिली गोष्ट, माप घरातले हवे. किलोमागे ०.८३ ग्रॅम या हिशेबाने ५० किलो वजनाच्या माणसाला रोज सुमारे ४२ ग्रॅम प्रथिने लागतात. हा आकडा कोणाच्या ध्यानात राहणार? त्याऐवजी असे सांगावे : एक अंडे, पेलाभर दूध, मूठभर शेंगदाणे, मूठभर डाळ. प्रत्येकातून साधारण ६-७ ग्रॅम प्रथिने मिळतात. यांपैकी तीन गोष्टी रोज खाल्ल्या आणि भाकरी-भातही पोटभर झाला, तर हिशेब बराचसा जुळतो. दात नसतील तर शेंगदाण्याचे कूट करावे, डाळीचे घट्ट वरण करावे. मिठाचेही तसेच. माणशी दिवसाला ५ ग्रॅम ही मर्यादा. म्हणजे चौघांच्या घरात किलोची पिशवी ५० दिवस पुरली पाहिजे. पिशवी फोडल्याची तारीख तिच्यावर लिहा. महिन्याभरातच ती संपली तर वेगळे व्याख्यान लागत नाही. पापड-लोणच्यातले मीठ त्याशिवाय, हेही विसरू नये.

दुसरी गोष्ट, ऐकणारा एकटा नको. किराणा आणणारा मुलगा आणि चूल सांभाळणारी सून बाहेर राहिली, तर आजोबांनी ऐकलेले सभागृहातच राहते. म्हणून घरी जाऊन सर्वांना एकत्र बसवावे. आधी आजीलाच विचारावे, "तुम्ही काय खाता? पूर्वी काय करायचात?" नाचणीची आंबील, कुळथाचे पिठले तिला ठाऊक असते. ते तिच्याकडूनच करवून घ्यावे, सर्वांनी चाखावे. ज्यांनी आपल्याला वाढवले त्यांना लहान मुलासारखे शिकवू नये.

तिसरी गोष्ट, थोडे आणि पुन्हा पुन्हा सांगावे. आठ-दहा जण, वीस मिनिटे, एकच मुद्दा. पुढच्या महिन्यात त्याचीच विचारपूस. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी नातवाच्या मोबाईलवर आवाजी संदेश चालतो. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार किंवा मधुमेह आहे, त्यांचा आहार मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवावा.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही प्रत्येकाने आपल्या वस्तीतले एक वृद्ध वाटून घ्या. महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर, त्यांचे वजन करून वहीत लिहा. प्रयत्न न करता सहा महिन्यांत ५० किलोचे साडेसत्तेचाळीस झाले, तर "वय झालं" म्हणून वही मिटू नका; त्यांना दवाखान्यात घेऊन जा. बँकेत खात्यातली शिल्लक घटली की खातेदार लगेच चौकशीला येतो. म्हाताऱ्या माणसाचे वजन घटते तेव्हा चौकशी करणारे कोणीतरी असले पाहिजे. ते तुम्ही व्हा.