दोन गाईंचा गोठा
(वार्षिक संमेलनातील भाषण)



गावी परतून गोपालन करू इच्छिणाऱ्या आपल्या तरुणांना साहाय्यनिधीतून कर्ज द्यावे, अशी सूचना यंदा कार्यकारी मंडळापुढे आली आहे. तिच्यामागील हेतू स्तुत्य आहे. परंतु प्रत्येकी दहा गाईंचा आकडा वाचून मला काळजी वाटली, आणि त्या काळजीपोटीच आज आपला थोडा वेळ घेत आहे. हा निधी आपल्या सर्वांचा आहे. कोणी वडिलांच्या स्मरणार्थ दिलेली रक्कम त्यात आहे, कोणी निवृत्तीच्या पुंजीतून दिलेली आहे. तो बुडाला तर पुढच्या वर्षी शिक्षणासाठी अर्ज करणाऱ्या मुलांना आपण काय सांगणार?

माझे म्हणणे असे की, नवशिक्याने आरंभ गाईपासून करू नये, वैरणीपासून करावा; आणि गाई दोनच घ्याव्यात, त्याही एकाच वेळी नव्हेत.

विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी २००६ साली जी मदतयोजना जाहीर झाली, तिच्यात दुभत्या गाईंचाही समावेश होता. गाय मिळाली, पण कित्येक घरी तिला हिरवा चारा नव्हता, पाणी नव्हते, दूध घालावयास जवळ संकलनकेंद्र नव्हते. गाईचा खर्च दुधाच्या उत्पन्नाहून जड झाला आणि अनेकांनी ती जनावरे विकून टाकली. दोष गाईचा नव्हता आणि त्या शेतकऱ्यांच्या कष्टांचाही नव्हता. क्रम उलटा लागला होता.

हिशेब पाहा. चारशे किलो वजनाच्या संकरित गाईस रोज सुमारे २० किलो हिरवी वैरण, ५ ते ६ किलो कडबा अथवा अन्य सुका चारा आणि दुधाच्या मानाने पेंड व भुसा लागतो. पेंडीचा ढोबळ नियम असा : शरीरपोषणासाठी एक-दीड किलो, आणि त्यावर दर अडीच ते तीन लिटर दुधामागे एक किलो. पिण्याचे पाणी साठ-सत्तर लिटर, उन्हाळ्यात त्याहून अधिक. म्हणजे एका गाईस वर्षाला सात टनांवर हिरवा चारा हवा. पाण्याची सोय असलेल्या दहा-पंधरा गुंठ्यांत संकरित नेपियर गवत नीट राखले, कडेने थोडा लसूणघास केला, तर दोन गाईंचे भागते. दहा गाईंस हीच जमीन पाचपट लागेल; ती नसेल तर चारा विकत घ्यावा लागतो, आणि विकतच्या चाऱ्यावर नवशिक्याचा गोठा फार दिवस टिकत नाही. नेपियरची पहिली कापणी लागवडीनंतर दोन-अडीच महिन्यांनी मिळते. तेव्हा गवत आधी लावावे, ते हाती येईपर्यंत एखाद्या जाणत्याच्या गोठ्यावर पहाटे व सायंकाळी धार काढावयास जावे. हे शिक्षण फुकट मिळते, म्हणून त्याची किंमत कोणी करीत नाही!

खरेदी शक्यतो दुसऱ्या वेताच्या गाईची करावी. पहिलारूचा स्वभाव व दूध दोन्ही कळावयाची असतात. चार वेते झालेली गाय स्वस्त पडते, पण लवकर उतरणीस लागते. लोणीचा बाजार असो वा शेजारचे गाव, दलालाच्या शब्दावर जाऊ नये. सलग तीन वेळा स्वतः धार काढून दूध मोजावे, चारही सड तपासावेत, दात पाहावेत. सांसर्गिक गर्भपाताची व क्षयाची तपासणी पशुवैद्याकडून करून घ्यावी. हे दोन्ही रोग माणसालाही होतात. आणलेले जनावर दोन-तीन आठवडे निराळे बांधावे. २०२२ साली लंपी त्वचारोगाने आपल्या राज्यात जे केले ते आपण पाहिलेच आहे.

दुसरी गाय पाच-सहा महिन्यांनी घ्यावी. गाय वेताला सुमारे दहा महिने दूध देते आणि विण्यापूर्वी दोन महिने तिला आटवावेच लागते. दोन्ही गाई एकदम घेतल्या तर दोन्ही एकदमच आटतात, आणि त्या काळात घरात दुधाचा पैसा येत नाही, वैरण मात्र तेवढीच लागते.

आता माजाविषयी. माज दर एकवीस दिवसांनी येतो आणि दिवसभरातच ओसरतो. सकाळी माज दिसला तर सायंकाळी रेतन करावे. एक माज चुकला की तीन आठवड्यांचा चारा वाया. नोंदवहीत विण्याची, माजाची, रेतनाची तारीख ज्याच्या घरी लिहिली जात नाही, त्याला कर्ज देताना मंडळाने विचार करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

वासरास जन्मल्यावर पहिल्या तासा-दोन तासांत चीक पाजावा. कालवड व्यवस्थित वाढवली तर अडीच-तीन वर्षांनी विते. यावरून ध्यानात येईल की दोनांच्या चार गाई घरच्याच व्हावयास पाचेक वर्षे जातात. गोऱ्ह्यांचा प्रश्नही आधीच ओळखावा. २०१५ पासून आपल्या राज्यात बैल व वळू यांच्या कत्तलीसही बंदी आहे, आणि नांगराला ट्रॅक्टर आल्याने संकरित गोऱ्ह्यास गिऱ्हाईक नाही. लिंगनिर्धारित रेतमात्रा वापरल्यास दहांत नऊ कालवडी होतात. मात्रा महाग असली तरी दोन गाईंच्या गोठ्यास ती परवडते.

जेथे पाऊस अतोनात, तेथे डांगी, लातूरकडे देवणी, कंधार भागात लाल कंधारी. या आपल्या जाती दुधास कमी, पण आजारास व खर्चास कमी. संकलनकेंद्र दूर असेल तर त्यांचा विचार करावा.

शेवटची गोष्ट भगिनींविषयी. पहाटेची धार, शेण, वासराचे पाणी हे काम बहुतेक घरी गृहिणीकडे जाते, आणि अर्जावर सही मात्र मुलाची असते. म्हणून माझी सूचना अशी : कर्ज पती-पत्नी अथवा माय-लेक यांच्या संयुक्त नावे द्यावे, आणि ते तीन हप्त्यांत द्यावे. पहिला हप्ता गवत व साध्या गोठ्यासाठी. गवत उभे असल्याचे पाहून दुसरा, एका गाईचा. सहा महिन्यांची नोंदवही पाहून तिसरा. ही सूचना अध्यक्षमहाशयांनी दुपारच्या सर्वसाधारण सभेत मतास टाकावी, अशी माझी विनंती आहे.