दहाही जणींना झोप लागली होती



ख्रिस्ती उपासनेचं वर्ष नाताळाने सुरू होत नाही. ते नाताळाच्या आधीच्या चार रविवारांनी सुरू होतं. या दिवसांना आगमनकाळ म्हणतात. पहिल्या रविवारी चर्चमध्ये गोठ्यातल्या बाळाची कथा वाचत नाहीत. त्या दिवशी वाचला जातो तो 'जागे राहा' हा येशूचा इशारा.

जागं राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं, याबद्दलचा घोळ अगदी पहिल्या पिढीपासून आहे. इसवी सन 50च्या सुमारास प्रेषित पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिलं, की प्रभूचा दिवस रात्री येणाऱ्या चोरासारखा येईल. त्याच मंडळीला गेलेल्या दुसऱ्या पत्रात, कामधंदा सोडून बसलेल्यांना खडसावलेलं दिसतं: ज्याला काम करायचं नाही, त्याने जेवूही नये. पुढे अमेरिकेत विल्यम मिलर या शेतकऱ्याने बायबलमधल्या दानिएलाच्या ग्रंथातल्या 2300 दिवसांवरून येशूच्या पुनरागमनाचं गणित मांडलं. अखेर त्याच्या अनुयायांमध्ये 22 ऑक्टोबर 1844 ही तारीख ठरली. काहींनी शेतातलं पीक काढलंच नाही. ती रात्र सरली, नेहमीसारखं उजाडलं, आणि हजारो माणसं मोडून पडली. त्यांना हसावं असं मला वाटत नाही, कारण त्यांची ओढ खरी होती. पण तो दिवस आणि ती घटका पुत्रालाही ठाऊक नाही, असं येशू स्वतः सांगतो. मग शिष्यांनी ती हिशोबाने काढायची कशी?

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायातली दहा कुमारींची कथा आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. पाच शहाण्या, पाच मूर्ख. वराला यायला उशीर होतो, मध्यरात्री हाक येते, पाचजणींचे दिवे विझायला लागतात. प्रवचनांत बहुधा निसटतो तो तपशील असा, की डोळा दहाही जणींचा लागला होता. शहाण्याही झोपल्या होत्या, आणि त्याबद्दल त्यांना कुणी बोल लावत नाही. गेथशेमाने बागेत शिष्य झोपले तेव्हाही, आत्मा उत्सुक असला तरी देह अशक्त आहे, हे येशूने ओळखलं होतं. थकणं हा गुन्हा नव्हे. शहाण्यांनी तेल झोपेच्या आधीच भरून घेतलं होतं, एवढाच फरक. तेल द्यायला त्या नकार देतात तेव्हा पूर्वी मला त्या कठोर वाटत. आता वाटतं, की काही गोष्टी ऐनवेळी उसन्या मिळतच नाहीत. वर्षानुवर्षं न केलेली प्रार्थना शेजाऱ्याकडून मागून आणता येत नाही.

अशा तयारीचं एक उदाहरण म्हणून आता 19 मे 1780चा दिवस पाहा. अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडमध्ये भर दिवसा अंधार दाटला. तो दूरच्या वणव्यांचा धूर होता, असं आज अभ्यासक सांगतात. त्या दिवशी अनेकांना तो न्यायाचा दिवस वाटला. हार्टफर्डला कनेक्टिकटच्या विधिमंडळाचं काम चालू होतं. कनिष्ठ सभागृह उठलं, वरिष्ठ मंडळानेही उठावं अशी सूचना आली. अब्राहम डेव्हनपोर्ट या सदस्याने विरोध केला. त्याचं म्हणणं असं: न्यायाचा दिवस आला नसेल तर सभा तहकूब करायचं कारण नाही, आणि आला असेल तर मी माझं कर्तव्य करत असतानाच सापडावं. मेणबत्त्या आणा, असं त्याने सांगितलं. जागृतीवरचं याहून चांगलं भाष्य माझ्या माहितीत नाही.

मात्र कर्तव्य कोणतं, हे त्याच पंचविसाव्या अध्यायाच्या शेवटी येतं, आणि तिथे कुणाचीच सुटका नाही. राजा न्यायाला बसतो आणि विचारतो ते भुकेल्याबद्दल, तहानेल्याबद्दल, परक्याबद्दल, उघड्याबद्दल, आजाऱ्याबद्दल, तुरुंगातल्याबद्दल. दोन्ही बाजूंचे लोक गोंधळतात: प्रभू, आम्ही तुला कधी पाहिलं? नीतिमानांनीही त्याला ओळखलेलं नव्हतं. त्यांनी समोरच्या माणसाला नुसतं जेवायला वाढलं होतं. आकाशाकडे डोळे लावून बसलेल्याला दारातला भुकेला दिसला नसेल, तर त्याचं ते जागरण वाया गेलं, असं मी स्पष्टच म्हणतो.

श्रोतेहो, माझी एक विनंती आहे. मत्तयाचा चोविसावा आणि पंचविसावा अध्याय आपण नेहमी तुकड्यांनी वाचतो. येत्या आगमनकाळात ते दोन्ही एका बैठकीत, सलग वाचा.