रोडगा आणि स्कोन

जिंतूर हें परभणी जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव. जवळच नेमगिरीची जैन लेणीं. तालुक्यांतून पूर्णा नदी वाहते. या मुलुखाचें रोजचें अन्न म्हणजे ज्वारीची भाकरी. गव्हाला मान सणावारीं आणि भंडाऱ्याला. त्या दिवशीं गोंवऱ्यांच्या आरांत रोडगे भाजावयाचे, राख झटकून फोडावयाचे, आणि वर तूप सोडून वरणाबरोबर व वांग्याच्या भाजीबरोबर खावयाचे. अशा या गांवीं एका घरीं स्कोन नांवाचा विलायती पदार्थ प्रथमच करण्यांत आला. श्रोतेहो, त्या खटाटोपाची ही हकीकत आहे.

कारण साधें होतें. घरच्या वृद्ध सासूबाईंचे दांत गेलेले. भाकरी चाववेना, आणि रोजच्या दूधभाताचा त्यांना वीट आलेला. ताट तसेंच परत जाऊं लागलें. दुधांत बुडवितांच मऊ पडेल असें कांहीं करावें, असें सुनेच्या मनांत आलें.

स्कोन हा मूळचा स्कॉटलंडचा. इसवी सन १५१३ मधील लिखाणांतहि हें नांव सांपडतें. पूर्वीं तो ओट वा जवाच्या पिठाचा करीत व तव्यावर भाजीत. म्हणजे तो आपल्या भाकरीचाच सोयरा. त्याला आजचा फुगीरपणा आला तो पुढें बेकिंग पावडरीसारख्या द्रव्यांमुळें. बर्मिंगहॅमच्या अल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्यानें १८४३ सालीं अशी पावडर तयार केली. त्याच्या पत्नीला यीस्ट सोसत नसे, म्हणून. घरच्या माणसाच्या मुखीं घांस जावा, हीच तेथेंहि प्रेरणा.

सुनेनें २५० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम लोणी, दोन चमचे साखर, चिमूटभर मीठ, अर्धा चमचा खाण्याचा सोडा आणि भिजविण्यापुरतें आंबट ताक घेतलें. घरांत भट्टी नव्हती. म्हणून जाड पातेल्यांत वाळूचा थर देऊन त्यावर ताटली ठेवली. पीठ तिनें भाकरीच्या पिठासारखें मनापासून मळलें, पोळीच्या कणकेसारखें अर्धा तास झांकून ठेवलें, आणि मग पातेलें शेगडीवर चढविलें. निघाले ते स्कोन नव्हते, गोटे होते. सुनेच्या डोळ्यांत पाणी आलें.

सासूबाईंनीं एक गोटा हातांत घेऊन पाहिला. "अगं, हीं शंकरपाळीं समजून कर. मोहन चोळ, मूठ वळली कीं पुरे, तिंबायचें कशाला? आणि आर धरल्यावांचून रोडगा कुणी टाकतं का?"

"मग तुम्हीच बसा ना जवळ, आत्याबाई," सून म्हणाली. पुष्कळ दिवसांनीं सासूबाई स्वयंपाकघरांत पाटावर येऊन बसल्या.

त्यांच्या दोन वाक्यांत सारें शास्त्र होतें. ज्वारीच्या पिठाला चिकटा नसतो. तें जितकें मळावें तितकी भाकरी चांगली वळते. गव्हाच्या पिठांतील प्रथिनांचें मात्र पाणी लागतांच व मळतांच चिवट जाळें बनतें. लोण्याचें मोहन त्या जाळ्याला आवर घालतें, अति मळणें त्याला बळ देतें. शिवाय ताकांतील आंबटपणा व सोडा एकत्र येतांच वायु सुटूं लागतो. पीठ थांबवून ठेवलें तर तो भाजण्यापूर्वींच निघून जातो. आणि भांडें आधीं तापलेलें नसेल, तर पिठाला फुगवटा धरतां येत नाहीं.

दुसऱ्या खेपेस पातेलें अगोदर पंधरा मिनिटें तापविलें. थंड लोणी बोटांच्या टोकांनीं मैद्यांत चोळलें, ताक घालून पीठ नुसतें गोळा केलें, बोटभर जाड थापून वाटीनें चकत्या कापल्या व लगेच आंत ठेवल्या. वीस-पंचवीस मिनिटांनीं झांकण काढलें तों चकत्या दुप्पट फुगलेल्या, वर बदामी रंग आलेला.

सासूबाईंनीं एक दुधांत कुस्करून खाल्ला, आणि दुसऱ्याचा अर्धा मागून घेतला. "रोडग्याची सर नाहीं," असा निकाल त्यांनीं दिला. पण ताट त्या दिवशीं रिकामें परतलें.

नवा पदार्थ परमुलुखांतून येतो. तो साधण्याची युक्ति मात्र पुष्कळदां घरांतच, एखाद्या जुन्या हातांत असते. ती विचारून घेतली, तर पदार्थहि साधतो आणि माणूसहि.