पोरांच्या शाळेची सावड
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापसाचा भाव, विजेचे बिल आणि बँकेची नोटीस हे विषय आज बाजूला ठेवून आम्ही पोरांच्या शाळेवर बोलणार आहोत. मागच्या रांगेतल्या काही मंडळींनी तंबाखूची डबी काढली ती आम्हाला इथून दिसते. खुशाल काढा, पण कान इकडे असू द्या.

गावोगाव फिरताना सध्या दोन गोष्टी ऐकायला मिळतात. पहिली, पट कमी म्हणून वस्तीवरची शाळा उचलून दुसऱ्या गावात नेणार. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तांनी वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी 'समूह शाळा' करण्याचे प्रस्ताव मागवले, तेव्हापासून ही धास्ती आहे. दुसरी गोष्ट पुण्या-मुंबईकडून येते. तिकडची काही शिकलीसवरलेली कुटुंबे पोरांना शाळेत घालतच नाहीत, घरी शिकवतात. त्याला होमस्कूलिंग म्हणतात. हे ऐकून आपल्यातलाही एखादा म्हणतो, "जाते शाळा तर जाऊ द्या. मास्तर तरी काय दिवे लावतो? घरीच शिकवू."

घरी म्हणजे कोण शिकवणार? बाप वावरात, माय वेचणीला. दसऱ्यानंतर घरी राहिलेले पोर पुस्तक धरत नाही, ओटी बांधून कापूस वेचते, नाहीतर धाकट्याला सांभाळते. पोरगी असली तर दोन्ही करते. हे आम्ही तुम्हाला सांगायला नको.

तरीही घरच्या शिक्षणाची थट्टा करून आम्ही पुढे जाणार नाही. जगात लाखो कुटुंबांनी ते करून दाखवले आहे आणि त्यांतले काही आपल्यासारखेच शेतकरी होते. त्यांनी कसे केले ते नीट बघू. मग आपले आपण ठरवू.

अमेरिकेत आयोवा नावाचे राज्य आहे. मक्याचा मुलूख. तिथे हेझलटन गावाच्या आसपास आमिश पंथाचे शेतकरी राहतात. हे लोक ट्रॅक्टरऐवजी घोड्यांनी शेत नांगरतात आणि घरात सरकारी विजेची तार घेत नाहीत. त्यांची लहान लहान एकखोली शाळा होती. सरकारने खर्च वाचवायला छोट्या शाळा बंद करून शहरगावात मोठ्या शाळा बांधल्या. ओळखीचे वाटते ना? आमिश लोकांनी मोठ्या शाळेत पोरे पाठवायला नकार दिला आणि आपल्यातल्याच मुली शिक्षिका म्हणून नेमल्या. सरकार म्हणाले, यांच्याकडे शिक्षकाचा दाखला नाही. बापांना दंडावर दंड झाले. शेवटी १९ नोव्हेंबर १९६५ ला अधिकारी बस घेऊन शाळेवरच आले, पोरांना उचलून शहरातल्या शाळेत न्यायला. पोरांनी बस बघितली आणि शेजारच्या मक्यात धूम ठोकली. काळ्या टोप्या घातलेली पोरे कुंपणाकडे आणि मक्याकडे पळताहेत, हा फोटो वर्तमानपत्रात छापून आला आणि देशभर गाजला. गव्हर्नर हॅरॉल्ड ह्यूज यांना मध्ये पडावे लागले. १९६७ मध्ये आयोवाच्या विधिमंडळाने या लोकांना सूट मिळण्याची वाट कायद्यातच करून दिली.

दुसरा खटला विस्कॉन्सिन राज्यातला. तिथे सोळा वर्षे वयापर्यंत शाळा सक्तीची होती. तीन बापांनी आठवीनंतर पोरे शाळेत पाठवली नाहीत. दंड किती? प्रत्येकी पाच डॉलर. भरून मोकळे होता आले असते. पण प्रकरण थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. गंमत बघा, कोर्टाची पायरी चढायची नाही अशी या लोकांची धर्माची रीत. मग लढले कोण? विल्यम लिंडहोम नावाच्या दुसऱ्याच पंथाच्या एका पाद्र्याने १९६७ मध्ये समिती उभी केली आणि विल्यम बॉल या वकिलाने खटला चालवला. १५ मे १९७२ ला निकाल लागला, 'विस्कॉन्सिन विरुद्ध योडर' म्हणून तो प्रसिद्ध आहे. आठवीनंतर या लोकांच्या पोरांना सक्ती नाही, असे न्यायालय म्हणाले.

त्या निकालात आपल्याला कामाची एक गोष्ट आहे, ती सहसा कोणी सांगत नाही. सरन्यायाधीश बर्गर यांनी बजावून ठेवले की एखाद्याला नुकतीच शिक्षणाची नवी सुधारलेली पद्धत सुचली म्हणून ही सूट मिळालेली नाही. न्यायालयाने बघितला तो मागचा समाज. त्याची तीनशे वर्षांची रीत बघितली. आठवीनंतर पोर वाऱ्यावर सोडले जात नाही, शेत, गोठा, सुतारकाम, घर या सगळ्यांत त्याला मोठी माणसे शिकवतात, आणि हा समाज कोणावर भार होत नाही, हे बघितले. बाप एकटा उभा असता तर पाच डॉलर भरून घरी गेला असता.

आता ती शाळा चालते कशी? एका शेतकऱ्याने कोपऱ्यातली जमीन द्यायची. बाकीच्यांनी मिळून खोली बांधायची. आपण त्याला इर्जिक म्हणू. त्यांच्याकडे कोणाचे धान्याचे कोठार जळाले तर गावातली सगळी माणसे जमून नवे उभे करतात, तशीच शाळा. पहिली ते आठवी सगळी पोरे एका खोलीत, तीसच्या आसपास. मोठी पोरे धाकट्यांचा अभ्यास घेतात. शिक्षिका बहुधा विशीतली, लग्न न झालेली, स्वतः आठवीच शिकलेली. कारभार तीन-चार बाप बघतात. सरकारी शाळेचा कर भरायचा आणि आपल्या शाळेचा खर्चही करायचा, असे दुहेरी ओझे ते उचलतात.

इथे जोतीराव फुल्यांची आठवण होते. १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे जोतीरावांनी निवेदन दिले. सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून आणि शिक्षणाचा पैसा खर्च होतो वरच्या वर्गावर, हे त्यांनी तिथे स्पष्ट सांगितले. निदान बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचे करा अशी मागणी केली. म्हणजे अमेरिकेतला शेतकरी शाळेच्या सक्तीतून सुटायला धडपडत होता आणि आपले पूर्वज शाळेचे दार उघडायला. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. पण आपण कोणाचे वारस आहोत हे विसरून शहराची नक्कल केली तर आपली पोरगी पुन्हा चुलीपाशी जाऊन बसेल.

आमिश लोकांकडे तशी शाळा होती. शाळाच नको, घरी शिकवू, ही चळवळ वेगळी. जॉन होल्ट नावाचे मास्तर होते. वर्गात वर्षानुवर्षे शिकवून त्यांचे मत झाले की शाळेत पोरे शिकण्यापेक्षा भीतीच जास्त शिकतात. १९७७ मध्ये बॉस्टनहून त्यांनी 'ग्रोइंग विदाउट स्कूलिंग' हे बातमीपत्र काढले. आपल्या या पानांसारखेच, साधे. त्यात काय असायचे? ठिकठिकाणच्या आईबापांची पत्रे. आणि घरी शिकवणाऱ्या ज्या कुटुंबांची हरकत नसेल त्यांच्या नावापत्त्यांची यादी.

आमच्या मते होल्ट यांच्या सगळ्या विचारांपेक्षा ती यादी मोठी. एकटे घर भिते. शेजारी तक्रार करील, शाळेचा साहेब येईल, पोर मागे पडेल, म्हणून भिते. यादीतून तीन गावे सोडून राहणारे दुसरे घर सापडले की आठवड्यातून एक दिवस दोघे एकत्र येतात. मग पाच घरे होतात. एकीला गणित येते, दुसरीला बाजा वाजवता येतो, एकाचा बाप सुतार असतो. आज तुझ्या घरी, उद्या माझ्या घरी. आपण निंदणीला जी सावड करतो तीच ही, फक्त रान वेगळे. १९८०नंतर धर्माच्या कारणाने घरी शिकवणारी कुटुंबे मोठ्या संख्येने आली. होल्टवाल्यांचे आणि त्यांचे पटायचे नाही. तरी कायद्यासाठी दोघांनीही नेट लावला आणि १९९३पर्यंत पन्नासही राज्यांत घरी शिकवणे कायदेशीर झाले. कोरोनाच्या २०२० सालात तिथल्या जनगणना खात्याने विचारणा केली, तर शाळकरी पोरे असलेल्या घरांपैकी घरी शिकवणारी घरे वसंतात ५.४ टक्के होती, ती शरदात ११.१ टक्के झाली. काळ्या लोकांत तर ३.३ वरून १६.१ टक्के.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. काही राज्यांत पोर घरी ठेवले हे कोणाला कळवावेही लागत नाही. मग ते शिकते का, उपाशी आहे का, मार खाते का, हे बघायला बाहेरचा डोळाच उरत नाही. घरीच शिकून मोठ्या झालेल्या काही जणांनी २०१३ मध्ये यासाठी संस्था काढली आणि सरकारने घरी शिकणाऱ्या पोरांवर लक्ष ठेवावे अशी मागणी लावून धरली. आणि १९७२च्या त्या निकालातही न्यायमूर्ती डग्लस वेगळे बोलले होते. बापाला काय हवे ते विचारले, पोराला विचारले का? त्याला उद्या पियानो वाजवायचा असेल, अंतराळात जायचे असेल. आज बऱ्याच आमिश वस्त्यांत जमीन महाग झाली, शेती पुरत नाही, पुष्कळ जण सुतारकामाला आणि कारखान्याला लागले. डग्लस यांचा प्रश्न त्यामुळे जुना झालेला नाही.

आपल्याकडचा कायदा थोडक्यात. १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक पोराला फुकट आणि सक्तीचे शिक्षण. पोराला शाळेत घालणे हे आईबापांचे कर्तव्य म्हटले आहे, न घातल्यास शिक्षा मात्र त्या कायद्यात लिहिलेली नाही. शाळा सुटलेल्याला १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येते, केंद्राच्या मुक्त शाळेचीही परीक्षा देता येते. शहरातली घरी शिकणारी पोरे बरीचशी त्या दुसऱ्या वाटेने जातात.

तेव्हा आमचे म्हणणे असे. शाळा सोडायची नाही आणि सावड मात्र उचलायची. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा काय झाले ते आठवा. घरात मोबाइल एक, पोरे तीन, आणि रेंज मिळायची धुऱ्यावर. ज्या वस्तीत कोणी बारावी झालेली पोरगी देवळाच्या ओट्यावर पोरे घेऊन बसली, तिथली पोरे वाचायची विसरली नाहीत. तिला कोणी दाखला विचारला नव्हता.

वेचणीच्या चार महिन्यांत पाच-दहा घरांनी मिळून असा ओटा चालवायचा. दिवसा पोर शाळेत, संध्याकाळी दोन तास ओट्यावर. शिकवणारी सून असो की लेक, तिच्या वाटची वेचणी बाकीच्यांनी करून द्यायची. नुसते आभार मानून सावड फिटत नाही. म्हाताऱ्यांनी काटापट्टी घेऊन बसावे. क्विंटल, किलो, भाव, कडता, हमाली, हातात किती यायला हवे होते आणि किती आले. व्यापाऱ्याची चिठ्ठी वाचता येणारे पोर पाचवीतच घराच्या कामाला येते. आणि वेचायला पाठवलेले पोर ओट्यावर दिसले नाही, तर दुसऱ्या घराने जाऊन विचारायचे. बाहेरचा डोळा म्हणतात तो हाच.

शाळा उचलायची गोष्ट निघाली तर ग्रामसभेत ठराव करा. त्याआधी शाळा व्यवस्थापन समितीत कोण आहे ते बघा. कायद्याने तिच्यात तीन-चतुर्थांश आईबाप हवेत आणि निम्म्या बाया. तुमच्या गावच्या समितीतल्या बायांची नावे इथे बसलेल्या किती पुरुषांना सांगता येतील, हात वर करा. बरे, राहू द्या.

जेवणानंतर मायबहिणींची बैठक मांडवाच्या डाव्या अंगाला आहे. वस्तीवर सहा ते चौदाची पोरे किती, त्यांत मुली किती, शिकवू शकेल अशी कोण आहे आणि ओटा कोणाच्या घरचा, एवढे कागदावर लिहून तालुक्याच्या कार्यकर्त्यांकडे द्या. ज्यांना आज सांगता येणार नाही त्यांनी पहिल्या वेचणीच्या आत पाठवावे.