वाजवणाऱ्याचे नाव दप्तरात लिहा

(चैत्री यात्रेच्या दुसऱ्या दिवशी गावच्या चावडीपुढे भरलेल्या सभेत एका प्राथमिक शिक्षकाने केलेले भाषण.)



काल पालखी निघाली. तिच्यापुढे सनई कोणी फुंकली आणि हलगी कोणी वाजवली, हे आज सकाळी मी चौथीच्या मुलांना विचारले. एकालाही नावे सांगता आली नाहीत. दोष मुलांचा नाही. यात्रेचे हस्तपत्रक गेली पंधरा वर्षे मीच लिहितो. त्यात अध्यक्षांचे नाव असते, देणगीदारांची असतात, मंडपवाल्याचेही असते. वाजवणाऱ्यांच्या जागी मात्र मी 'सवाद्य मिरवणूक' एवढेच लिहीत आलो.

या दोन शब्दांची किंमत मला गेल्या वर्षी कळली. आपल्याच गावचे एक वृद्ध सनईवाले माझ्याकडे आले आणि म्हणाले, "गुरुजी, म्हाताऱ्या कलावंताला सरकार दरमहा पैसे देतं म्हणतात. माझा कागद करा." गोष्ट खरी आहे. वृद्ध कलावंतांना मानधन देण्याची महाराष्ट्र सरकारची योजना फार जुनी आहे. २०२४ साली तिला राजर्षी शाहू महाराजांचे नाव दिले गेले आणि मानधन दरमहा ५००० रुपये झाले. आम्ही वयाचा दाखला काढला, उत्पन्नाचा काढला. मग कचेरीत विचारले, कलेचा पुरावा कोठे आहे? पत्रके, प्रशस्तिपत्रे, वर्तमानपत्रांची कात्रणे आणा. मी घरी येऊन माझी पंधराही पत्रके चाळली. एकातही त्यांचे नाव नव्हते. अर्ज परत आला. ते म्हणाले, "चाळीस वर्षं गावाची लग्नं वाजवली. आता मी वाजवतो हे कोणाला विचारायचं?"

ते आज या सभेत बसले आहेत. त्यांच्यासमोर मी माझी चूक कबूल करतो.

पूर्वी वाजंत्र्याला सुगीत खळ्यावरचा वाटा मिळे. त्याला हक्क म्हणत. पण तो जात सांगून आणि हात पसरून घ्यावा लागे. ती रीत गेली हे उत्तम झाले. तिचे गोडवे कोणी गाऊ नयेत. पण तिच्या जागी मजुरीचा चोख व्यवहार आला काय? तालुक्याहून कर्णे आणणाऱ्याला आपण आगाऊ रक्कम देतो आणि त्याची पावती घेतो. गावच्या माणसाच्या हातावर नारळ आणि टोपी ठेवतो, त्याची नोंद कोठेच नसते. मग कचेरीने त्याला कलावंत मानावे कसे?

कोणी म्हणतील, गाणे-बजावणे हे पंचायतीचे काम नव्हे. कायदा तसे म्हणत नाही. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याला गावाने करावयाच्या कामांची यादी जोडली आहे. तीत शिक्षणाबरोबर संस्कृतीचेही सदर आहे. आखाडे आणि वाचनालये आहेत, कलेसाठी रंगमंदिरेही आहेत. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींकडे सोपविण्याजोगे २९ विषय घटनेच्या अकराव्या अनुसूचीत घातले, त्यांत सांस्कृतिक कार्य हा एक विषय आहे. तेव्हा पंचायतीने गावच्या कलेला चार पैसे दिले, तर तो धर्मादाय नव्हे. ती आपल्याच घरपट्टीची रक्कम आहे, आणि घरपट्टी सनईवालाही भरतो.

पंचायतीची पेटी लहान आहे, हे मला ठाऊक आहे. विहिरीचे पैसे तोडून हलगीला द्या, असे मी म्हणत नाही. माझे मागणे तीन गोष्टींचे आहे. पहिली, गावातील सनईवाले, हलगीवाले, गोंधळी, शाहीर, भजनी मंडळे आणि ओव्या गाणाऱ्या बाया या सर्वांची नावानिशी यादी करून ती पंचायतीच्या दप्तरात ठेवावी. दुसरी, १५ ऑगस्ट असो की यात्रा, जो वाजवील त्याला ठरलेली मजुरी पावती घेऊन द्यावी. नाव, तारीख व सही असलेला तो कागद उद्या पुरावा म्हणून दाखवता येईल. तिसरी, ही यादी आणि हा खर्च भर ग्रामसभेत वाचून दाखवावा. नाहीतर पुढाऱ्याच्या भाऊबंदांचेच मंडळ दरसाल पैसे उचलील, आणि खरा वाजवणारा पुन्हा नारळावरच राहील.

शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबागेचे कुस्तीचे मैदान बांधले, १९१५ साली पॅलेस थिएटर उभे केले, अल्लादियाखाँसारख्या गवयाला दरबारी आश्रय दिला. राजाला गुणांची पारख होती म्हणून ते झाले. आज राजा नाही, ग्रामसभा आहे. पारख आता तुम्हांआम्हांलाच करावयाची आहे, आणि तिचा ठराव हात वर करून मंजूर करावयाचा आहे.

१ मे रोजी ग्रामसभा भरेल. त्या दिवशी मी वही घेऊन चावडीवर बसतो. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी नाव सांगावे, मी लिहीन. पहिले नाव कोणाचे, हे तुम्हांस सांगावयास नको.